स्नेहलता रेड्डी (१९३२–१९७७)

मद्रासच्या इंग्रजी रंगभूमीवरील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी ‘संस्कार’ (१९७०) या कन्नड चित्रपटातील चंद्रीमुळे सर्वपरिचित झाल्या. भूमिगत जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी संबंध असल्याच्या संशयावरून २ मे १९७६ रोजी त्यांना अटक झाली. बडोदा डायनामाइट खटल्याच्या अंतिम आरोपपत्रात त्यांचे नाव नव्हते. तरीही ‘मिसा’खाली त्या बंगळूरच्या कारागृहात स्थानबद्ध राहिल्या. अनुच्छेद २२ने दिलेले अटकेची कारणे जाणण्याचे व वकिलाचा सल्ला घेण्याचे हक्क न्यायालयात मागण्याची वाट २७ जून १९७५च्या आदेशाने बंद झाली होती. दम्याने खंगलेल्या स्नेहलता १५ जानेवारी १९७७ रोजी पॅरोलवर सुटल्या आणि २० जानेवारीस निवर्तल्या. स्वतःस गोवणाऱ्या प्रश्नांपुढे मौन राखण्याचा हक्क पोलीस चौकशीतही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सत्पथी खटल्यात स्पष्ट केले ते १९७८ मध्ये. त्यांची तुरुंगातील दैनंदिनी म्हणूनच वाङ्मयाइतकीच साक्षही ठरते.