अर्ज लिहिणारे महागुरुस्वामी : अनास्तासियस हार्टमन यांचे अल्पचरित्र

आपल्या देवालयाच्या जीर्णोद्धाराचा जमाखर्च ह्या पुस्तिकेत अन्यत्र दिला आहे. त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. खानदेशातील काळ्या कपाशीच्या जमिनीवर भिंत उभी ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांची घरे जळगाव-धुळ्याकडे आहेत त्यांस सांगावयास नको. चैत्र-वैशाखात ती जमीन फाटते, आषाढात फुगते, आणि दर वर्षी भिंतीस एक नवी चीर पडते. ह्या चिरांपायी गेली काही वर्षे अर्ज, अंदाजपत्रके व नकाशे ह्यांच्याशी माझा जो निकट सहवास घडला, त्या काळात एका पुण्यपुरुषाचे स्मरण मला वारंवार होत असे. ते आपल्या बाजूस कधी आले होते की काय, हा प्रश्न येथे गौण आहे. देवालय व धर्मगुरू ह्यांच्या निर्वाहासाठी सरकारदरबारी अर्ज करणे हेही मेंढपाळाचेच काम आहे, हे ज्यांनी ह्या देशात आचरून दाखविले, त्यांपैकी ते एक होत.

महागुरुस्वामी हार्टमन यांचा जन्म ता. २४ फेब्रुवारी १८०३ रोजी स्वित्झर्लंडातील लुसर्न प्रांतात आल्टविस ह्या खेड्यात झाला. १८२१ साली त्यांनी कॅपुचिन संघात प्रवेश केला व १८२५ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढील कित्येक वर्षे तरुण संन्याशांस शिकविण्यात गेली. इतका शांत व्यवसाय सोडून चाळिशीच्या उंबरठ्यावर परदेशी जाण्याची परवानगी मागणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या वयात आपण बहुतेक जण बदलीची आज्ञा आली तरी कुरकुरतो.

हिंदुस्थानात त्यांनी प्रथम आग्रा व नंतर ग्वाल्हेर येथे सेवा केली. ग्वाल्हेर हे शिंदे सरकारचे राज्य. तेथे फिलोज घराण्यासारखी कॅथलिक कुटुंबे दरबारच्या चाकरीत होती. १८४५ साली पाटणा हा स्वतंत्र धर्मविभाग झाला आणि त्याची जबाबदारी हार्टमन यांजवर पडली. पुढल्या वर्षी त्यांचा महागुरुपदाचा अभिषेक झाला. मुलूख अफाट, धर्मगुरू बोटांवर मोजण्याइतके आणि तिजोरी रिकामी. अशा स्थितीतून १८४९ साली मुंबईचा कारभारही त्यांजकडे सोपविण्यात आला.

त्या वेळची व्यवस्था वाचकांस ठाऊक असणे अवश्य आहे. कंपनी सरकार अँग्लिकन पंथाच्या महागुरूंस व पाद्र्यांस सरकारी खजिन्यातून पगार देत असे. छावण्यांतून त्यांची देवळेही सरकारी खर्चाने उभी राहत. परंतु कंपनीच्या गोऱ्या पलटणींतून आयर्लंडचे कॅथलिक शिपाई फार मोठ्या संख्येने होते. लढाईत मरणारा शिपाई कोणत्या पंथाचा, हे बंदुकीची गोळी विचारीत नसे. त्याच्या पाद्र्याचा तनखा ठरविताना मात्र ते विचारले जाई. कॅथलिक धर्मगुरूस मिळे ते अल्प, आणि तेही हक्क म्हणून नव्हे. हार्टमन यांनी ह्या अन्यायाविरुद्ध लेखणी उचलली. १८५० साली त्यांनी मुंबईत एक्झामिनर हे कॅथलिक पत्र सुरू केले. ते आजतागायत चालू आहे. सरकारशी पत्रव्यवहार करताना त्यांनी याचना केली नाही. शिपायांची संख्या, धर्मगुरूंचे काम व दोन्ही पंथांस मिळणाऱ्या रकमा ह्यांची तुलना त्यांनी मांडली. अर्ज कसा लिहावा, हे त्यांजकडून शिकावे. आमचा पहिला अर्ज निव्वळ गहिवराने भरलेला होता. तो परत आला, हे योग्यच झाले.

आता माहीमची हकीकत. ती सांगताना मन संकोचते, तरी टाळता येत नाही. मुंबईत १७९४ पासून कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या : एक पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील पाद्रोआदोची, दुसरी रोमच्या धर्मप्रसार मंडळाच्या अधीन असलेल्या महागुरूंची. १८५३ साली माहीमच्या संत मायकल देवालयातील लोकांचा कल पाद्रोआदोकडे झाला. हार्टमन स्वतः तेथे गेले, देवालयात ठाण मांडून बसले आणि प्राण गेला तरी हक्क सोडणार नाही असे त्यांनी जाहीर केले. लोकांनी बाहेरून नाकेबंदी केली. महागुरुस्वामी आत, त्यांचीच लेकरे बाहेर, आणि मध्ये कडी लावलेला दरवाजा, असा तो प्रसंग अनेक दिवस चालला. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून वेढा उठविला. देवालय मात्र पाद्रोआदो पक्षाच्या हाती गेले.

ह्या प्रकरणी मी महागुरुस्वामींचा कैवार घ्यावा, अशी काहींची अपेक्षा असेल. पण पूर्वजांनी बांधलेले देवालय आपले आहे, असे माहीमकरांस वाटणे अस्वाभाविक नव्हते. दोष दोन सत्तांच्या त्या व्यवस्थेचा होता. ती मुंबईतून पूर्णपणे नाहीशी होण्यास १९२८ साल उजाडावे लागले. तथापि एक गोष्ट मनात घर करून राहते. ज्या सरकारकडे हार्टमन न्याय्य साहाय्य मागत होते, त्याच सरकारने देवालयाच्या दाराचा निकाल लावला. सरकारच्या दृष्टीने तो मालमत्तेचा व शांतताभंगाचा प्रश्न होता. ज्याच्या दारी आपण मदतीस जातो तो उद्या आपल्या दारी निवाडा करावयास येऊ शकतो, हे त्यांच्याइतके कोणास कळले असेल? आणि तरीही त्यांनी अर्ज लिहिणे सोडले नाही.

१८५६ साली ते युरोपास गेले. लंडनमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी कॅथलिकांची बाजू मांडली, आणि हिंदुस्थान सरकारने कॅथलिक प्रकरणी केलेल्या ठरावावर १८५७ साली आपली टीका छापून प्रसिद्ध केली. इकडे त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला होता. १८५८ साली कंपनीचे राज्यच लयास गेले. म्हणजे ज्या दरवाज्यावर ते इतकी वर्षे ठोठावीत होते, तो दरवाजाच राहिला नाही. त्याच साली त्यांनी मुंबईचे पद सोडले व तेथील काम जेझुइट संघाकडे आले.

पुण्यातील कॅथलिक बांधवांस येथे दुसरे एक उदाहरण आठवेल. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, मराठी फौजेतील ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी पेशवे सरकारने जागा दिली. तेथेच पुण्याचे सिटी चर्च उभे आहे. तो राजाचा प्रसाद होता. हार्टमन मागत होते ती समान वागणूक होती, आणि दोहोंत अंतर आहे. आजच्या आपल्या प्रजासत्ताकात तिसरीच रीत आहे : घटनेच्या २७व्या कलमान्वये एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर भरण्याची कोणावर सक्ती नाही. म्हणून आपल्या देवालयाच्या छपराचा मुख्य भार आपल्याच खिशावर पडावा, ह्यात मला काही गैर वाटत नाही. जुन्या, इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या इमारतींची गोष्ट वेगळी. तेथे सर्वांच्या ठेव्याचा विचार होतो.

१८६० साली हार्टमन पुन्हा पाटण्यास परतले. बांकीपूर येथे त्यांनी १८५३ सालीच मेरी वॉर्ड यांच्या संघाच्या धर्मभगिनी आणून मुलींच्या शिक्षणाची सोय केली होती. नव्या कराराचे हिंदुस्थानी भाषांतर हेही त्यांच्याच परिश्रमांचे फळ. वार्धक्य आले तरी दौरे थांबले नाहीत. ता. २४ एप्रिल १८६६ रोजी पाटण्याजवळ कुर्जी येथे पटकीच्या विकाराने त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते. १९९८ साली पवित्र सभेने त्यांस पूजनीय म्हणून घोषित केले. माहीमचे देवालय १९७३ साली नव्याने बांधले गेले असून दर बुधवारी तेथे नोव्हेनासाठी सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात, आणि त्याची दारे सर्वांस उघडी असतात.