विश्वेश्वरय्यांची उमेदवारी

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव ऐकताच कृष्णराजसागराचे विशाल धरण, म्हैसूरची दिवाणगिरी आणि १९५५ साली लाभलेला 'भारतरत्न' हा बहुमान आपल्याला आठवतो. परंतु या थोर पुरुषाच्या उमेदवारीच्या काळातील एक लहानसे काम आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

मुद्देनहळ्ळी या खेड्यात जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांचे पितृछत्र लवकरच हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरला बी. ए. पर्यंतचे शिक्षण घेतले. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकले. १८८३ साली एल. सी. ई. परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

खानदेशात धुळ्याकडे त्यांच्यावर पहिलेच स्वतंत्र काम सोपविण्यात आले. पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाटाचे पाणी पलीकडे न्यावयाचे होते. नळातून खाली उतरलेले पाणी पलीकडे आपल्या पातळीच्या जवळपास वर चढते, हा नियम आपल्यापैकी कोणीही फळ्यावर आकृती काढून सांगेल. पण फळ्यावर पूर येत नाही! पावसाळा सुरू झाला, नदी फुगली आणि काम चालविणे कठीण झाले. पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावे, अशी विनंती या तरुण अभियंत्याने वरिष्ठांना केली.

वरिष्ठांना ती मुळीच रुचली नाही. नोकरीच्या आरंभीच आपल्याविषयी प्रतिकूल मत होणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी कोणी नोकरदार आहे त्यांना सांगावयास नको. परीक्षेतील पहिला क्रमांक तेथे उपयोगी पडणार नव्हता. वास्तविक विनंती अवाजवी नव्हती, असे आम्हांला वाटते. नदी कोणाचा हुकूम मानीत नाही. तरीही विश्वेश्वरय्यांनी वाद वाढविला नाही. त्यांनी काम पुन्हा हाती घेतले, भर पावसाळ्यात अडचणींशी झुंजत ते तडीस नेले आणि त्याच वरिष्ठांची प्रशंसा मिळविली.

त्यानंतर पाण्याचे कोणतेही काम त्यांना अवघड वाटले नसावे. सिंधमधील सक्कर शहराला त्यांनी सिंधू नदीचे पाणी पुरविले. पुण्याजवळील खडकवासल्याच्या तलावावर १९०३ च्या सुमारास त्यांनी योजलेली स्वयंचलित दारे बसली. तलावाचे पाणी ठराविक पातळीवर चढले की ती आपोआप उघडत आणि उतरले की मिटत.

१९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने आमच्या हैदराबादची दैना केली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. शहराच्या वरच्या अंगास मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी तेथेच अडवावे, अशी योजना त्यांनी मांडली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय त्याच योजनेतून उभे राहिले.