लेथवरच्या तुकड्याचं पुढे काय होणार? सायकलच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत, लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

लेथवर लोखंडाचा एक गोल तुकडा फिरतोय. हत्यार टेकलं की कीस निघतो आणि तुकडा हळूहळू बारीक होत जातो. यातून काय तयार होणार, ओळखता येईल?

मुरलेला टर्नर अंदाज बांधतो. टोकाला आटे पाडले असतील तर तुकडा कशात तरी पिळून बसणार. मधोमध आरपार भोक आहे आणि भोकात चावी बसवायची उभी खाच आहे, म्हणजे तो दांड्यासोबत फिरणार. नुसतंच गुळगुळीत भोक असेल तर कदाचित बुश. पण तो सायकलचा बुश की पाण्याच्या पंपाचा, हे एकट्या तुकड्यावरून अनुभवी माणसालाही सांगता येत नाही.

बेळगावात 100 वर्षांहून जास्त काळापूर्वी एक छोटं वर्कशॉप होतं. तिथे हा अंदाज बांधणं आणखी अवघड गेलं असतं, कारण मालकच सारखा काहीतरी नवं करून बघत होता. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

बिडकीनशी काय संबंध?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या दिशेला असलेलं बिडकीन सध्या ऑरिक या औद्योगिक शहरामुळे चर्चेत आहे. 31 जुलै 2024 ला टोयोटा किर्लोस्कर मोटर आणि महाराष्ट्र सरकारमध्ये संभाजीनगरच्या कारखान्यासाठी सामंजस्य करार झाला. गुंतवणुकीचा आकडा होता सुमारे 20,000 कोटी रुपये. जागेसाठी नाव पुढे आलं ते बिडकीनचं. बातम्यांमध्ये सगळा भर टोयोटावर होता. त्यापुढचं किर्लोस्कर हे नाव आलं कुठून, हे मात्र अनेकांना माहीत नसतं. लक्ष्मणरावांचा मोटारीशी थेट संबंध नाही. टोयोटासोबतची भागीदारी 1997 मधली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर 41 वर्षांनी झालेली.

रंग ओळखता येईनात

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमत नव्हतं. दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि यंत्रं खोलणं. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंगांमधला फरकच कळत नाही. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथेच संपलं.

उरलं ते यांत्रिक रेखाटन. त्यात रंगांचं काम नसतं. एकच भाग समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल हे रेषांमध्ये मांडायचं आणि कागदावरच्या त्या आकृत्यांवरून अख्खी वस्तू डोळ्यांसमोर उभी करायची. लक्ष्मणराव त्यात इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले. वर्ग संपला की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जायचे. यंत्रं कशी चालतात, बिघडली की नेमकं कुठे बिघडतात, हे हात काळे करून शिकायचे. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

तोवर बेळगावात दुसरं काम सुरू झालेलं होतं. मुंबईत कुणालातरी सायकल चालवताना पाहून त्यांच्या डोक्यात कल्पना आली होती. भाऊ रामुअण्णा बेळगावात होते. 1888 मध्ये दोघांनी सायकलचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामुअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. तेव्हाची सायकल 700 ते 1000 रुपयांची आणि शिकवणीचे 15 रुपये वेगळे, असं सांगितलं जातं. म्हणजे हा श्रीमंतांचाच शौक होता. त्याच दुकानाच्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

पण सायकल दुसऱ्याची, सुटे भागही दुसऱ्याचे. लक्ष्मणरावांना स्वतःची वस्तू घडवायची होती. त्यांनी बटणं तयार करायचं यंत्र करून पाहिलं, गोळ्यांच्या डब्या करायचं यंत्रही केलं. यातल्या कशानेही त्यांचं नाव मोठं झालं नाही.

जमीन विषारी होईल ही भीती

मग त्यांचं लक्ष शेतीकडे गेलं. बेळगावात कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागला.

लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि मातीचा थर उलटा टाकतो. हरळीसारखं चिवट तण त्यामुळे मुळासकट वर येतं. फायदा उघड होता, तरी शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले नांगर विकायला सुमारे 2 वर्षं लागली, असं सांगतात. याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून हसणं सोपं आहे. पण ज्याचं वर्षभराचं पोट एका तुकडा जमिनीवर अवलंबून आहे, त्याने अनोळखी धातू मातीत घालताना दहा वेळा विचार केला तर नवल काय?

दुसरी अडचण दुरुस्तीची होती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तिथल्या तिथे ठाकठीक करायचा. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर? नवा फाळ त्याच जागी, त्याच भोकांवर, न ठोकता बसला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक फाळ हुबेहूब दुसऱ्यासारखा हवा आणि भोकं तंतोतंत त्याच अंतरावर हवीत. लेथ, ड्रिल आणि रेखाटन यांचं खरं काम इथे होतं. नांगराचं मोठं अंग ओतकामातून येतं, पण तो दुरुस्त होण्यासारखा राहतो तो या मोजमापामुळे.

निवडुंगाच्या माळावर कारखाना

काम वाढत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं. कारखाना कुठे न्यायचा हा प्रश्न होता. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ. 1910 मध्ये सुमारे 25 कामगार आपल्या कुटुंबांसह तिथे राहायला आले. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येणं आटलं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. ज्याने ती तोफ ओतली असेल, त्याला तिचं पुढे काय होणार हे कसं सुचावं!

नांगरानंतर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आणि पंप आले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ते पाहायचे. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून इंजिनिअर होऊन आला. 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळुरूत विजेच्या मोटारींची कंपनी निघाली.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. 1969 मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नावही बदललं. मिरज-पुणे मार्गावर गाडी आज जिथे थांबते, तिथल्या पाटीवर किर्लोस्करवाडी असं लिहिलेलं आहे आणि जवळच्या कारखान्यात पंप तयार होतात.