केरोपंत छत्रे : रेवतीचा तारा निश्चित करणारे गणिती

कॅल्गरी : शरद ऋतूतील निरभ्र रात्री कॅल्गरीच्या दक्षिण आकाशात मीन रास वर येते. तिच्यातील झीटा पिशियम हा तारा अत्यंत मंद, प्रत सुमारे ५.२. शहराच्या दिव्यांत तो हरवतो. प्रिडिसच्या बाजूला अंधारात गेल्यास साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिकृत यादीत त्याचे नाव ‘रेवती’ आहे. दीडशे वर्षांपूर्वी याच ताऱ्याला प्रमाण मानून मराठी पंचांगाची नव्याने मांडणी केली ती केरो लक्ष्मण छत्रे यांनी.

केरोपंतांचा जन्म १८२५ मध्ये अलिबागजवळील नागाव येथे झाला. चुलते बापू छत्रे यांच्या आश्रयाने ते मुंबईत शिकले. प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली कुलाबा वेधशाळेत त्यांना प्रत्यक्ष निरीक्षणाची दीक्षा मिळाली. पुढे पुण्यात ते गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे शिष्य.

तेव्हाची पंचांगे १५२० च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघवा’वर चालत. तीन शतकांत त्यातील गणित आणि आकाश यांत अंतर पडले होते. केरोपंतांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग.

खरा प्रश्न ग्रहगणिताचा नव्हता, आरंभबिंदूचा होता. राशिचक्र रेवतीच्या योगताऱ्याजवळ सुरू होते असे प्राचीन ग्रंथ सांगतात. परंतु तो तारा नेमका कोणता, हे ठरवणारी अधिकारी संस्था नव्हती. केरोपंतांनी झीटा पिशियम निवडला. त्यामुळे संक्रांती प्रचलित पंचांगांहून सुमारे चार दिवस आधी आली आणि काही वेळा अधिक मासही बदलला. सणवार हलवणारे हे गणित समाजाने सहजी स्वीकारले नाही. मोजक्याच घरांनी ते पंचांग पाळले, तरी १८८४ मध्ये निधन होईपर्यंत केरोपंत आपल्या मतापासून ढळले नाहीत.

त्यांच्या पश्चात वेंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्याचा पक्ष मांडला. चित्रा ठळक, ओळखण्यास सोपी. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही आरंभबिंदूसाठी चित्रेच्या बाजूचेच मान स्वीकारले आणि १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्यानुसार निघू लागले. रेवतीपक्ष टिळक पंचांगात टिकला. तेथे मकरसंक्रांत आजही १४ ऐवजी १० जानेवारीच्या सुमारास येते.

आकाशाची जागतिक मोजदाद वेगळ्या वाटेने चालली होती. आंतरराष्ट्रीय संघाने १९२८ मध्ये ८८ तारकासमूहांच्या सीमा मान्य केल्या. ताऱ्यांच्या नावांसाठी कार्यगट नेमला तो २०१६ मध्ये. एकेका ताऱ्याला एकच नाव, हे त्याचे सूत्र. त्यानुसार झीटा पिशियमला रेवती हे नाव लाभले. पंचांगाचा वाद त्याने मिटत नाही, कारण कालगणनेचा आरंभ ठरवणे हे या संघाचे काम नव्हे. मात्र केरोपंतांनी ज्या ताऱ्याला रेवती मानले, त्याला आज कॅल्गरीतही अधिकृतपणे त्याच नावाने ओळखले जाते.