वेलीवर टिकणारे फळ



आपल्या जिल्ह्यात मोसंबीची बाग लावणारा शेतकरी पहिली चार-पाच वर्षे नुसते पाणी घालतो आणि वाट पाहतो. आम्हां धर्मगुरूंना मात्र दर वर्षाअखेरीस अहवाल भरायचा असतो : बाप्तिस्मे किती, दृढीकरणे किती, विवाह किती. रकाने रिकामे दिसले की मन खट्टू होते. आपल्या सेवेला फळच नाही असे वाटते. अशा वेळी आम्हांला फादर थॉमस स्टीफन्स आठवतात.

त्यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. त्या काळी तेथे कॅथलिक म्हणून जगणे धोक्याचे होते. ज्या मित्राबरोबर ते रोमला जाणार होते तो पकडला गेला आणि त्याची अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच निघाले, 1575 साली येशूसंघात दाखल झाले आणि 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरले. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत. 1619 साली गोव्यातच त्यांचा अंत झाला. मधल्या चाळीस वर्षांतील बहुतेक सेवा त्यांनी साष्टी प्रांतात केली.

तेथील जमीन नांगरलेली नव्हती, जखमी होती. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. 1583 साली कुंकळ्ळीत चिडलेल्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार मारले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांचा जीव घेतला. अशा ठिकाणी प्रेमाचे शुभवर्तमान सांगायचे तरी कसे?

स्टीफन्स शिकायला बसले. कोकणी शिकले, मराठी शिकले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्या जागी गायला, ऐकायला काही उरले नव्हते. एका नवख्रिस्ती माणसाने ही उणीव बोलून दाखविल्याचा प्रसंग त्यांच्या ग्रंथातच आहे. त्या माणसाचे ऐकून घेतले गेले, म्हणून मराठीला ख्रिस्तपुराण मिळाले. सुमारे अकरा हजार ओव्यांत जगाच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा! 1616 साली राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. तेव्हा फादर सदुसष्टीच्या आसपास होते. तीन वर्षांनी ते गेले.

पुढे काय झाले? 1649 व 1654 साली ते पुन्हा छापले गेले. पण 1684 साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला. जुन्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. झाड वाळले, असेच कोणीही म्हटले असते. पण गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, घरांत वाचली, गायिली. त्यांच्याच आधारे 1907 साली जे. एल. सल्डान्हा यांनी मंगळूरला पुराण पुन्हा छापले. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. आज मराठीचा अभ्यास करणारा, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याची दखल घेतोच.

यश आणि फळ यांत फरक आहे. यश आपल्या डोळ्यांसमोर मोजता येते. फळ बहुधा दुसऱ्याच्या ओंजळीत पडते, कधी तीनशे वर्षांनी. द्राक्षवेलीचा दाखला देताना प्रभूने फांदीला फळे मोजायला सांगितले नाही, वेलीत राहायला सांगितले. स्टीफन्स चाळीस वर्षे राहिले. आणि त्या अनाम मंगळुरी आजी-आजोबांनी संध्याकाळी दिव्याजवळ ओव्या म्हटल्या नसत्या, तर त्यांचे श्रम आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते.

गारखेड्यातील आपली मुले शाळेत इंग्रजीत प्रार्थना पाठ करतात. चांगलेच आहे. पण येशूची गोष्ट घरच्या बोलीत त्यांना कोण सांगते? या आठवड्यात एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवून आपल्या मुलांना, नातवंडांना एक दाखला आपल्या शब्दांत सांगू या. त्याची नोंद आमच्या अहवालात होणार नाही. प्रभूच्या वहीत मात्र ती जरूर होईल.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.