मातीची परीक्षा करणारे डॉ. हॅरल्ड मॅन

पवना नदीच्या कांठीं पिंपळे सौदागर नांवाचें गांव आहे. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून त्याच्या जुन्या शेतांवर उंच इमारती उभ्या आहेत. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळांत तें पुण्यापासून कांहीं मैलांवरील एक साधें कुणबी गांव होतें. त्या गांवांत एक इंग्रज रसायनशास्त्रज्ञ आपल्या मराठी सहकाऱ्यांसह येऊं लागला. त्यानें शेतांतील माती तपासली, विहिरींचें पाणी तपासलें, आणि पुढें प्रत्येक घराचा जमाखर्चहि विचारून घेतला. त्या गृहस्थाचें नांव डॉ. हॅरल्ड हार्ट मॅन. परसांत चार वाफे करणाऱ्या अगर दोन एकर जमीन कसणाऱ्या आपल्या वाचकांस त्यांच्या चरित्रापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे, असें वाटल्यावरून तें येथें थोडक्यांत देत आहों.

डॉ. मॅन ह्यांचा जन्म सन १८७२ मध्यें इंग्लंडांतील यॉर्क शहरीं झाला. लीड्स येथें त्यांनीं रसायनशास्त्राचें शिक्षण घेतलें व पुढें पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतहि अभ्यास केला. सन १९०० मध्यें ते हिंदुस्थानांत आले, ते चहाच्या मळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून. आसामांत त्यांचें पहिलें काम मातीचेंच होतें. चहाचें झाड मोठें विलक्षण आहे. बहुतेक पिकांना जी आंबट माती सोसत नाहीं, तीच त्याला मानवते. आणि जेथें चुना पुष्कळ आहे तेथें तें खुरटतें. मळेवाले मात्र इतर पिकांवरून अनुमान बांधून खतें घालीत. कोणत्या मातींत काय आहे व काय नाहीं हें आधीं पाहावें आणि मग हात सैल सोडावा, ही शिस्त डॉ. मॅन ह्यांनीं तेथें घालून दिली. चहाच्या झाडावरील कीड व रोग ह्यांविषयीं सर जॉर्ज वॅट ह्यांच्याबरोबर त्यांनीं लिहिलेला ग्रंथ सन १९०३ मध्यें निघाला.

ह्याच सुमारास त्यांच्या हातून एक निराळें काम घडलें. त्यांच्या यॉर्क शहरांत सीबोम राउंट्री नांवाच्या गृहस्थानें घरोघर चौकशी करून दारिद्र्याची मोजणी केली होती व ती १९०१ सालीं प्रसिद्ध झाली होती. तीच रीत डॉ. मॅन ह्यांनीं बेडफर्डशायरमधील रिजमाँट नामक खेड्यास लाविली. मातीचें पृथक्करण करणारा मनुष्य माणसांच्या मिळकतीची मोजणी करूं लागला हें कोणास विसंगत वाटेल. त्यांस मात्र तसें वाटलें नाहीं. खेड्यांतील माती चांगली असून माणसें उपाशी कां, हा प्रश्न त्यांच्या मनांत तेव्हांपासून होता.

सन १९०७ मध्यें ते पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल झाले. पुढें ते मुंबई इलाख्याचे शेतकी डायरेक्टर झाले व १९२७ सालीं निवृत्त होऊन गेले. म्हणजे वीस वर्षें त्यांचा आपल्या प्रांताशीं संबंध होता.

त्या वीस वर्षांतील एक काम शेतकऱ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. नीरा नदीच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झालें. लोकांनीं उंस लाविला आणि पाणी अमाप दिलें. थोड्याच वर्षांत कांहीं शेतांच्या अंगावर पांढरी खपली दिसूं लागली, पीक येईनासें झालें. कोणी म्हणत, कालव्याचें पाणीच वाईट. कोणी म्हणत, जमिनीला दृष्ट लागली. डॉ. मॅन व श्री. तम्हाणे ह्यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील ह्या खारवट जमिनींची पाहणी करून १९१० सालीं तिचा वृत्तांत छापला. कारण असें कीं, दिलेलें जादा पाणी खालीं मुरून राही, त्याची पातळी वर चढे, आणि उन्हानें पाणी उडून गेलें म्हणजे त्यांतील क्षार मातीच्या तोंडाशीं उरत. तेव्हां उपाय खतांत नव्हता. पाणी बेतानें देणें व चर खणून त्याचा निचरा करणें हाच तो उपाय होता. हें आज ऐकतांना सोपें वाटतें. परंतु ज्याच्या घरचें शेत पांढरें पडलें असेल त्यास विचारावें, चर खणण्याऐवजीं त्यानें किती पैसे खतावर घालविले.

पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. श्री. सहस्रबुद्धे, श्री. कानिटकर, श्री. तम्हाणे इत्यादि कॉलेजांतील सहकारी तिच्यांत होते. हिंदुस्थानांतील एका खेड्याची इतकी बारीक चौकशी तोंपर्यंत क्वचितच झाली असेल. जमीन, पाणी, पिकें, गुरें, कर्ज, मजुरी, सर्व कांहीं तिच्यांत आलें आहे. आणि निघालें काय? १७७१ सालीं त्या गांवीं एका खातेदाराकडे सरासरीनें ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं ती साडेसतरा एकर झाली, आणि १९१४-१५ मध्यें सात एकरांवर आली. शेंकडा ६० खातीं पांच एकरांहून लहान होतीं. शिवाय जी जमीन होती तीहि एका ठिकाणीं नव्हती. १५६ मालकांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते आणि त्यांपैकीं ४६३ तुकडे एकराहूनहि लहान होते. १०३ कुटुंबांचा हिशेब पाहतां केवळ शेतीवर नीट निभाव लागेल अशीं कुटुंबें आठ भरलीं. आणखी २८ कुटुंबें बाहेरच्या मजुरीच्या जोरावर तग धरून होतीं. उरलेल्या ६७ कुटुंबांचा खर्च मिळकतीच्या बाहेर होता.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. रसायनशास्त्रज्ञानें आपल्या शास्त्राची बढाई मारली नाहीं. गांव दरिद्री आहे, तेव्हां अमुक खत घाला, असें म्हणणें त्यास सोपें होतें. पण जमिनीचे तुकडे, कर्ज आणि उत्पन्नाबाहेरचा खर्च ह्यांवर त्यानें बोट ठेविलें. माझ्या मतें ह्या मनुष्याचें मोठेपण येथेंच दिसतें. पुढें १९२१ मध्यें शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक ह्या कोरडवाहू गांवाची तशीच पाहणी त्यांनीं व श्री. कानिटकर ह्यांनीं प्रसिद्ध केली. तेथें शहराची मजुरी जवळ नव्हती, आणि स्थिति पिंपळे सौदागरहूनहि वाईट निघाली. पुणें शहरांतील अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या राहणीविषयीं त्यांनीं १९१२ सालींच लिहिलें होतें. ज्यांच्या वस्तीकडे कोणी फिरकत नसे, तेथेंहि ते वही घेऊन गेले. ज्या खेड तालुक्यांत चाकण आहे, त्या भागांतील मुख्य पीक जो बटाटा, त्याच्या लागवडीविषयींहि त्यांच्या खात्यानें पुष्कळ संशोधन केलें.

निवृत्त झाल्यावर मनुष्य स्वस्थ बसतो. डॉ. मॅन ह्यांनीं १९२८ मध्यें इंग्लंडांतील वोबर्न येथील प्रयोगक्षेत्राचें काम हातीं घेतलें व तें १९५६ पर्यंत चालविलें. त्या वेळीं त्यांचें वय चौऱ्यायशींच्या घरांत होतें. ह्या शेताची कथा मोठी बोधक आहे. १८७७ पासून तेथें कांहीं वाफ्यांत दरवर्षीं गहूं, कांहींत सातू, तेंच पीक त्याच जागीं, आणि तेंच खत. ज्या वाफ्यांना अमोनियम सल्फेट मिळे, तेथें प्रथम पीक जोमानें आलें. सुमारें वीस वर्षांनीं तें ढासळूं लागलें, आणि सातूचें तर नांवहि उरेना. माती आंबट झाली होती. त्या खतांतील अमोनियाचें मातींत रूपांतर होतांना आम्ल तयार होतें, आणि वोबर्नच्या रेताड मातींत तें आम्ल मारण्यास पुरेसा चुना नव्हता. चुना घालतांच पीक पुन्हां उभें राहिलें. ज्या खतानें उपकार केला त्यानेंच अपकार केला. आंबट मातींत कोणतें पीक किती तग धरतें ह्याचे प्रयोग डॉ. मॅन ह्यांनीं तेथें वर्षानुवर्षें केले. म्हणजे आसामांत आंबट माती, नीरेच्या खोऱ्यांत खारवट माती, आणि वोबर्नला पुन्हां आंबट माती, अशी त्यांच्या आयुष्याची वाट मातीच्या दोन टोकांमधून गेली.

आतां एक घरची गोष्ट सांगतों. वोबर्नची कथा अर्धवट वाचून मीं एकदां आमच्या बंगल्यामागील टोमॅटोच्या वाफ्यांत चुन्याची निवळी व चुलींतील राख मुक्तहस्तें घातली. महिन्याभरांत पानें पिवळीं पडलीं, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. चूक उघड होती. आपल्या पुणें जिल्ह्यांतील काळ्या मातींत चुना आधींच पुष्कळ असतो. मातींत सांपडणारे पांढरे चुनखडे पोरांनाहि ठाऊक आहेत. तींत आणखी चुना घातला म्हणजे मातींतील लोह झाडास मिळेनासें होतें. इंग्लंडचें औषध मीं रोग न पाहतां पाजलें. कोंकणांतील जांभ्या मातीची गोष्ट निराळी. ती आंबट असते.

ही परीक्षा घरीं करतां आली असती. वाफ्यांत आठ-दहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडून घ्यावी, सगळी एकत्र मिसळावी, सावलींत वाळवावी, खडे वेंचावे. तींतील चमचाभर मातीवर शिरका ओतावा. फसफसली तर मातींत चुना आहे. दुसरी चमचाभर माती पावसाच्या पाण्यानें भिजवून तीवर खाण्याचा सोडा टाकावा. बुडबुडे आले तर ती आंबट आहे. दोहोंनीं कांहींच झालें नाहीं, तर माती बहुधा मधल्या स्थितींत आहे असें समजावें. चोपण जमिनीसाठीं हळद उपयोगी पडते. हळदींत चुना मिसळला असतां कुंकवासारखा लाल रंग येतो, हें आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळविलेली कागदाची पट्टी मातीच्या निवळींत धरावी; ती तांबूस झाली तर माती बरीच अल्कधर्मी आहे. थोडी अल्कता मात्र हळदीस कळत नाहीं. तिच्यासाठीं बाजारांत मिळणारी रंगाची पट्टी घ्यावी. ह्या पट्टीवरील आकड्यांत ७ म्हणजे मध्य, खालीं आंबट, वर अल्क. साडेसहा ते साडेसात ह्यांत बहुतेक भाज्या सुखानें वाढतात.

नत्र, स्फुरद व पालाश हीं झाडांचीं तीन मुख्य अन्नें मात्र स्वयंपाकघरांतील वस्तूंनीं मोजतां येत नाहींत. दुकानांत रंगाच्या कुप्या मिळतात, त्यांवरून कमी-जास्त एवढें समजतें. ज्यास पोट भरण्याइतकी शेती करावयाची आहे त्यानें अर्धा किलो माती स्वच्छ पिशवींत घालून, वर शेताचें व आपलें नांव लिहून, सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेंत द्यावी. २०१५ पासून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंत बारा गोष्टी लिहून मिळतात. खताच्या रिकाम्या गोणींत माती नेऊं नये. तसें केल्यास परीक्षा मातीची न होतां गोणीची होते. आमच्याच गांवच्या एका भावानें असें केलें, आणि त्याच्या पत्रिकेवर पालाश इतका भरला कीं प्रयोगशाळेंतील साहेबांनीं ती माती पुन्हां मागविली.

डॉ. मॅन १९६१ च्या डिसेंबरांत, एकोणनव्वद वर्षांचे होऊन, वारले. खेड्यांविषयींचे त्यांचे निबंध डॅनियल थॉर्नर ह्यांनीं एकत्र करून १९६७ सालीं मुंबईंत छापले. पिंपळे सौदागरची पाहणी मात्र त्याआधींच अभ्यासकांच्या टेबलावर गेली होती. १९२८ सालीं शेतीविषयक रॉयल कमिशनपुढें तुकड्यांचा प्रश्न आला, आणि १९४७ सालीं मुंबई इलाख्यांत तुकडेबंदीचा कायदा झाला. ज्या तुकड्यांची त्यांनीं एकेक करून मोजदाद केली, त्यांवर आतां सदनिका आहेत. त्या सदनिकांच्या गच्चींवर लोक कुंड्यांत मिरची, मेथी व तुळस लावितात. कुंडींतील माती बहुधा ट्रकनें कुठूनशी आणलेली असते. विकणाऱ्यास विचारिलें असतां तो तिला लाल माती म्हणतो, आणि कुठली हें सांगत नाहीं.