दोहों घरी परका : कवी नारायण वामन टिळक

आमच्या वसई-विरारकडील लहान मंडळ्यांत टाळ वाजू लागले आणि शेवटच्या चरणात ‘दास’ ही नाममुद्रा आली, म्हणजे पद कोणाचे हे विचारावे लागत नाही. परंतु तो अभंग आपणांपर्यंत आणण्यास या दासास काय पडले, हे तरुण वाचकांस ठाऊक असावे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि आप्तांस ते मेल्यासारखे झाले. पत्नी लक्ष्मीबाई व बालक दत्तू माहेरच्या माणसांत राहिली. कित्येक वर्षे संसार तुटलेला होता. पुढे लक्ष्मीबाई आल्या, तरी सोवळे सुटण्यास वेळ लागला. १९०० साली राहुरीस त्यांचाही बाप्तिस्मा झाला. हे सर्व त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिले आहे, ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

इकडे मंडळीतही टिळक थोडे परकेच होते. तेथील पुष्कळ गीते इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे, चाली विलायती. ‘वनवासी फूल’ या दीर्घ काव्यात त्यांनी रानातील एकाकी फुलाशी संवाद केला आहे. भजनांत मात्र त्यांनी एकटेपणाचे गाऱ्हाणे फारसे मांडिले नाही. ज्या घराचे दार बंद झाले, त्याच घराच्या ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीत त्यांनी ख्रिस्तास गुरुमाउली म्हणून हाक मारिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. एकास नाव परके, दुसऱ्यास चाल परकी. आमच्या मते त्यांचे सारे परकेपण या पदांतच साठले आहे.

बालकवी ठोमरे, ब्राह्मणाचा मुलगा, नगरास याच ख्रिस्ती घरात मुलासारखा राहिला. लोकांस त्याचे नवल वाटले असेल!

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते प्रभूकडे गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. एके काळी सोवळ्याने दूर बसणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले व बहुतेक पूर्ण केले. १९३६ साली त्याही गेल्यावर शेवटचा भाग दत्तूने रचिला.